पफ किती ते सांगू नका, पंप कसा धरायचा ते दाखवा

एका वाचक आईचं पत्र:

"डॉक्टर ताई, माझी मुलगी सात वर्षांची आहे. चौथ्या वर्षापासून तिला बाळदम्याचा त्रास आहे. पहिलं दीड वर्ष आम्ही नुसती रात्री-अपरात्री धावपळ केली, कारण घरात कुणी पंप (इनहेलर) लावू देत नव्हतं. 'एकदा पंप लागला की जन्माचा लागला' असं सासूबाईंचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर तीच भीती मलाही होती. पुढे नियमित पंप सुरू झाला आणि आता ती शाळेत धावण्याच्या शर्यतीत भाग घेते. आपण जे भोगलं ते दुसऱ्या कुणी भोगू नये म्हणून वर्षभरापूर्वी मी इन्स्टाग्रामवर छोटे व्हिडिओ टाकायला लागले आणि व्हॉट्सॲपवर पालकांचा ग्रुप काढला. गेल्या महिन्यात एका व्हिडिओत मी मुलीला सकाळ-संध्याकाळ किती पफ, म्हणजे पंपाचे किती दाब, देते ते बोलून गेले. ग्रुपमधल्या एका आईने तेवढेच पफ स्वतःच्या तीन वर्षांच्या मुलाला सुरू केले, डॉक्टरांना न विचारता. काही झालं नाही, पण तिने ते आनंदाने ग्रुपवर लिहिलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. मिस्टर म्हणतात, तू काही डॉक्टर नाहीस, बंद कर हे सगळं. त्यात रोजच्या पंपातलं औषध 'स्टेरॉइड' आहे म्हटलं की लोक तुटून पडतात. बंद करू का?"

प्रिय मैत्रीण,

बंद करू नका. मात्र पुढचा व्हिडिओ टाकण्याआधी त्या तीन वर्षांच्या मुलाच्या आईला फोन करा. ग्रुपवर सगळ्यांसमोर नको. तिला ओशाळल्यासारखं होईल, ती ग्रुप सोडून जाईल आणि मुलाचं पुढे काय झालं ते तुम्हाला कधीच कळणार नाही. तिला सरळ सांगा, "माझं चुकलं, मी डोस बोलायला नको होता. मुलाला घेऊन आणि तो पंप हातात घेऊन डॉक्टरांकडे जा." पाच वर्षांच्या आतल्या मुलांची छाती वाजली म्हणजे दमाच असतो असं नाही. सर्दीच्या विषाणूंनीही लहान मुलांना घरघर होते आणि वय वाढलं की बऱ्याच जणांची थांबते. जोरात फुंकून करायची फुप्फुसांची तपासणी एवढ्या लहान मुलांना नीट जमत नाही. म्हणून आम्ही डॉक्टरही खोकला कुठल्या वेळी येतो, सर्दी नसतानाही धाप लागते का, घरात कुणाला दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे सगळं जुळवत, औषधाला मूल कसा प्रतिसाद देतं ते बघत निदानापर्यंत जातो. हे काम ग्रुपवर होऊच शकत नाही.

आता डोसचं. समजा तुम्ही "दोन पफ" म्हणालात, तर ऐकणारीला वाटतं दोन म्हणजे दोन. पण एकाच औषधाच्या, हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या पंपांमध्ये एका पफला ५० मायक्रोग्रॅम औषध असू शकतं, १०० असू शकतं, २०० सुद्धा असू शकतं. म्हणजे तुमचे दोन पफ आणि तिचे दोन पफ यांत चौपट फरक पडू शकतो, आणि दोघींपैकी कुणालाही त्याचा पत्ता नसतो. शिवाय तिच्या हातातला पंप रोज द्यायचा होता की धाप लागल्यावरच द्यायचा होता, हेही तुम्हाला माहीत नाही. रंगावर विसंबू नका. पंपांचे रंग सगळीकडे सारखे नसतात.

म्हणून माझं तुम्हाला एकच सांगणं आहे, आणि पुढचं सगळं त्यातूनच येतं. जे डोळ्यांनी बघायचं आणि हाताने करायचं असतं, ते बिनधास्त शिकवा. जे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ते ज्याचं त्याच्या चिठ्ठीवरच राहू द्या.

तुमच्या मिस्टरांचं म्हणणं चिठ्ठीपुरतं बरोबर आहे. पण हाताचं काम डॉक्टरांच्या खोलीत पुरं होत नाही, हे मी इतकी वर्षं मुलांवर उपचार करून सांगते. आम्ही पंप कसा लावायचा ते दाखवतो, आई मान हलवते, बाहेर पुढचं मूल रडत असतं. घरी गेल्यावर रात्री दोन वाजता त्यातलं निम्मं आठवत नाही. दम्याच्या उपचाराची जगभर वापरली जाणारी मार्गदर्शक तत्त्वं 'जीना' ही संस्था काढते. तिच्या म्हणण्यानुसार ७० ते ८० टक्क्यांपर्यंत रुग्णांना आपला पंप नीट वापरता येत नाही. यात शिक्षणाचा संबंध नाही. शिकलेसवरलेले वडील स्पेसरमध्ये, म्हणजे पंपाला जोडायच्या प्लास्टिकच्या नळकांड्यात, एकापाठोपाठ तीन पफ मारताना मी पाहिलेत. "रोज न चुकता देते" म्हणणाऱ्या आईला मी पंप आणायला सांगितलं, तर मास्क आणि मुलाच्या गालामध्ये माझं बोट जाईल एवढी फट होती. औषध सगळं हवेत. तिने कसूर काहीच केली नव्हती, कुणी तिचा हात बघितला नव्हता एवढंच.

इथे तुमचा फोन कामाला येतो. तोच व्हिडिओ रात्री दोन वाजता पुन्हा लावता येतो, थांबवता येतो, मागे नेता येतो. म्हणून एका व्हिडिओत एकच गोष्ट घ्या, मिनिटभराच्या आत, आणि खाली मोठ्या अक्षरांत मराठी ओळी द्या, कारण मूल झोपलेलं असताना आया आवाज बंद करूनच बघतात.

पहिला व्हिडिओ स्पेसरचा करा आणि कॅमेरा हातांवर ठेवा. पंप हलवला, स्पेसरला लावला. मास्क नाकातोंडावर असा टेकवला की कुठेच फट नाही. एक पफ दाबला. मग मूल शांतपणे पाच-सहा श्वास घेतं, आणि प्रत्येक श्वासाला स्पेसरमधली ती छोटी झडप हलते. तिथे कॅमेरा जवळ न्या. झडप हलली म्हणजे औषध आत गेलं, ही खूण आजीलाही चष्मा लावून दिसते. दुसरा पफ द्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. रोजचा पंप असेल तर नंतर चूळ भरायची आणि मास्क लावला असेल तर तोंडही पुसायचं, म्हणजे तोंडात पांढरे चट्टे येत नाहीत. मूल हमसून रडत असेल तर औषध छातीत फारच थोडं उतरतं, हेही सांगा. पुष्कळ आया "रडताना मोठा श्वास घेतो ना" म्हणून त्याच क्षणी पंप मारतात.

दुसरा व्हिडिओ स्पेसर धुण्याचा, आणि तो लोकांना वाटतो तितका किरकोळ नाही. महिन्यातून एकदा साबणाच्या कोमट पाण्यात बुडवायचा, आतून घासायचा नाही आणि कापडाने तर मुळीच पुसायचा नाही. तसाच निथळत ठेवायचा. प्लास्टिक पुसलं की त्यावर स्थिर वीज तयार होते आणि औषधाचे कण भिंतीलाच चिकटून बसतात. स्वच्छतेची हौस असलेल्या घरांत औषध लागू पडत नाही, त्याचं कारण कधीकधी इतकं साधं असतं.

तिसरा, पंप संपला हे कसं ओळखायचं. पंप पाण्यात टाकून तो तरंगतो का बघा, असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. ती परीक्षा भरवशाची नाही, वर नळीत पाणी जातं ते वेगळंच. आणि औषध संपल्यावरही आतला वायू उरलेला असतो, त्यामुळे पंप 'फुस्स' करतच राहतो आणि घरच्यांना वाटतं औषध जातंय. पंपावर आकडा दाखवणारी खिडकी असेल तर ती बघायची, नसेल तर हिशेब मांडायचा. २०० पफचा पंप, रोज चार पफ, तर पन्नास दिवस. सुरू केल्याची तारीख पंपावर चिकटपट्टी लावून लिहायची. हा व्हिडिओ तुम्ही केलात तर तो पुष्कळ घरांत फॉरवर्ड होईल, कारण त्यात कुणाशी वाद नाही.

यानंतर येतं सगळ्यांत महत्त्वाचं, अटॅकची लक्षणं. इथे हात आखडता घेऊ नका. मुलाचा सदरा वर करून छाती बघायला शिकवा. श्वास घेताना बरगड्यांच्या मधली कातडी आत ओढली जाते का? गळ्याखाली, दोन्ही गळपट्टीच्या हाडांच्या मध्ये खड्डा पडतो का? पोट उडतंय का, नाकपुड्या फुलतायत का? मूल एक वाक्य एका दमात बोलू शकतं का? तान्ह्या मुलाला दूध पिताना मध्येच थांबावं लागतं का? धाप लागल्यावर द्यायच्या पंपाने आराम पडत नसेल, किंवा पडलेला आराम चार तासही टिकत नसेल, तर दवाखान्यात निघायचं. ओठ निळसर दिसले, मूल सुस्तावलं, बोलता येईना, तर ॲम्ब्युलन्स बोलवायची आणि मुलाला बसतं ठेवून डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे तो पंप देत राहायचं.

आणि एक गोष्ट तुमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाला पाठ करायला लावा. खूप धाप लागलेल्या मुलाच्या छातीतली शिट्टी अचानक थांबली आणि मूल थकलेलं, मलूल दिसलं, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. श्वासनळ्या इतक्या आवळल्या आहेत की आवाज व्हायलाही पुरेशी हवा जात नाही, असा त्याचा अर्थ असू शकतो. आवाज बंद झाला म्हणून घरचे निश्चिंत झाले आणि मूल अत्यवस्थ होऊन आमच्याकडे आलं, असं मी पाहिलेलं आहे. त्या आईचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून इतकं निक्षून लिहिते आहे.

हे दाखवायला तुमच्या मुलीचा अटॅक आलेला व्हिडिओ लावू नका. कागदावर बरगड्या काढा, खड्डे कुठे पडतात ते बोटाने दाखवा, तेवढं पुरतं.

याच संदर्भात ग्रुपचा एक नियम आजच्या आज वर पिन करून ठेवा: अटॅक चालू असताना ग्रुपवर विचारायचं नाही. रात्री एक वाजता कुणीतरी मुलाचा व्हिडिओ टाकतं, "हे दम्याचं आहे का?", आणि पहिलं उत्तर सकाळी सात वाजता येतं. ग्रुप असणं हाच अशा वेळी धोका होऊन बसतो, कारण विचारलं म्हणजे काहीतरी केलं असं वाटतं. प्रत्येक घराने डॉक्टरांकडून एक लेखी कागद करून घ्यावा: रोज काय द्यायचं, त्रास वाढला तर काय, आणि केव्हा निघायचं. त्याची प्रत शाळेत द्यावी, आजीआजोबांकडे ठेवावी, मोबाइलमध्ये फोटो असावा. तुम्ही कोरा नमुना दाखवा, भरलेला नको.

आता स्टेरॉइड. लोक तुटून पडतात ते भीतीपोटी, आणि भीतीला चिडून उत्तर देता येत नाही. दम्यात श्वासनळ्यांना आतून सूज असते, त्या सुजेमुळे त्या जराशा कारणाने आवळतात आणि आत चिकट कफ साठतो. धाप लागल्यावर घ्यायचा पंप आवळलेली नळी काही तासांपुरती सैल करतो. सूज तिथेच राहते. ती उतरवतो तो रोजचा, कमी मात्रेच्या स्टेरॉइडचा पंप. पिळदार शरीरासाठी लोक घेतात ते स्टेरॉइड वेगळं, हे सांगाच. पोटात घ्यायचं स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि पंपातलं मायक्रोग्रॅममध्ये, आणि १ मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. औषधं वेगवेगळी असल्यामुळे हा हिशेब तंतोतंत लावता येत नाही, पण पंपातलं औषध थेट जागेवर जातं म्हणून इतकं थोडं पुरतं, हे त्यातून कळतं.

उंचीचा प्रश्न कुणी विचारला तर तो उडवून लावू नका. अमेरिकेत दमा असलेल्या मुलांवर मोठा अभ्यास झाला. त्यात बुडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप काही वर्षं रोज घेतलेली मुलं मोठी झाल्यावर, पंप न घेतलेल्यांपेक्षा सरासरी १.२ सेंटिमीटर बुटकी भरली. हा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो आकडा जसाच्या तसा सांगा. सोबत हेही सांगा की आटोक्यात नसलेला दमाही वाढ खुंटवतो, मुलाची झोप आणि शाळा खातो, आणि पुन्हा पुन्हा अटॅक आले की पोटातून मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड द्यावं लागतं, ते वेगळंच. "काहीही दुष्परिणाम नाही" असं म्हणालात तर कुणीतरी तो अभ्यास शोधून तुमच्या तोंडावर टाकेल आणि मग तुमच्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.

उलट बाजूचा धोकाही सांगायला हवा. पुष्कळ घरांत तात्पुरत्या आरामाचा पंप बिनधास्त चालतो आणि रोजचा मात्र कपाटात पडून असतो. बारा वर्षांवरील मुलांना आणि मोठ्यांना नुसत्या आरामाच्या पंपावर ठेवू नका, असं 'जीना'ने २०१९ पासून सांगितलं आहे, आणि लहान मुलांतही तो वारंवार लागू लागला तर उपचार अपुरा पडतोय असाच अर्थ असतो. २०० पफचे असे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो. बारा संपत असतील तर जिवावर बेतण्याचा. "वर्षात तुमचे किती पंप संपले?" एवढाच प्रश्न ग्रुपवर टाकून बघा. उत्तरं वाचून तुम्हालाच धक्का बसेल, आणि ज्यांचे जास्त संपले त्यांना डॉक्टरांकडे धाडायला तुमच्याकडे कारण असेल.

सासूबाईंबद्दल थोडं लिहायचं आहे. तुमचे व्हिडिओ आया बघतात, पण पंप लावायचा की नाही हे पुष्कळ घरांत आजी ठरवते, आणि आजी इन्स्टाग्रामवर नसते. तिच्यासाठी व्हॉट्सॲपवर दोन मिनिटांचा आवाज पाठवा, तुमच्या नेहमीच्या बोलण्यात. तिला अडाणी ठरवू नका. दाबून फवारायचा पंप जगात आला तोच १९५६ मध्ये. एका औषध कंपनीच्या प्रमुखाची तेरा वर्षांची मुलगी दम्याने बेजार होती, तिने वडिलांना विचारलं, केसांवर मारायच्या स्प्रेसारखं माझं औषध डब्यात का भरता येत नाही? तिथून पंप सुरू झाला. स्टेरॉइडचा पंप त्यानंतर, १९७२ च्या सुमारास. म्हणजे आजच्या आज्या लहान असताना त्यांनी जो दमा पाहिला, तो बहुतेक रोजच्या औषधाविना पाहिलेला. पंप दिसला की माणूस आधीच शेवटच्या पायरीवर असायचा. पंपाची भीती तिथून आलेली आहे. त्यांना वेड्यात न काढता हे समजावलंत तर त्या ऐकतात. सवय लागण्याबद्दल एवढंच सांगा की चष्मा लागतो म्हणून डोळ्यांना चष्म्याचं व्यसन लागलं असं आपण म्हणत नाही. जमलं तर स्वतःच्या सासूबाईंनाच बोलू द्या. "मी आधी नाही म्हणत होते" हे त्यांच्या तोंडून आलं तर माझ्या दहा व्याख्यानांपेक्षा जास्त पोहोचेल.

दमा मुळापासून घालवतो असा दावा करणारे तुमच्याकडे येणारच. प्रत्येकाशी भांडत बसू नका, त्यांना तेच हवं असतं. भांडण जितकं लांबेल तितकी ती पोस्ट आणखी लोकांसमोर जाते. एक शांत उत्तर लिहून पिन करा. त्यात हे सांगा की बऱ्याच मुलांचा दमा वयाबरोबर आपोआप सौम्य होतो, काहींना मोठेपणी तो पुन्हा गाठतो, आणि जो उपाय नेमका त्या उतरत्या काळात चालू असतो त्याला श्रेय मिळतं. घरात मुलाला बरं वाटावं म्हणून जे करता ते करा, पण रोजचा पंप डॉक्टरांना न विचारता बंद करू नका. जो पंप बंद करायला सांगेल त्याला ग्रुपमधून काढा. तिथे भीड नको. कुणी पैसे देऊन एखादं औषध किंवा यंत्र दाखवायला सांगितलं तर त्यालाही नाही म्हणा.

खेळाबद्दल मात्र भरपूर बोला. दमा असलेल्या मुलांना पालक बाकावर बसवून ठेवतात. पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं आणि २००३ मध्ये तिने लंडनची मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत धावून जागतिक विक्रम केला. तो सोळा वर्षं टिकला. तुमच्या मुलीची शर्यत ही ग्रुपमधल्या मुलांसाठी याहून जवळची गोष्ट आहे.

जागतिक दमा दिन मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी असतो, तेव्हा सगळेच पोस्ट टाकतात. तुम्ही सुट्टी संपून शाळा सुरू होण्याआधी टाका. मुलं एकत्र आली की सर्दी पसरते आणि सर्दी हे मुलांमधल्या अटॅकचं सगळ्यांत मोठं कारण आहे. लोकांना माहिती तेव्हा हवी असते. आणि प्रत्येक व्हिडिओ टाकण्याआधी तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, खाली तारीख लिहा. उपचार बदलतात, जुने व्हिडिओ फिरत राहतात. डोस सांगितलेला तो व्हिडिओ काढून टाका आणि का काढला ते नव्या व्हिडिओत सांगा.

शेवटी तुमच्या मुलीचं. ती सात वर्षांची आहे, पंधराची होईल तेव्हा तिच्या वर्गातली मुलं हे सगळं शोधून बघतील. तिचं नाव, शाळा, रिपोर्टचे कागद, दवाखान्यातले फोटो आजच काढून टाका. पुढच्या व्हिडिओआधी तिला विचारा, आणि ती "नको" म्हणाली तर ते नकोच. तिच्या एखाद्या अस्वलाला स्पेसर लावा. पंप तिलाच दाबू द्या आणि तिलाच मोजू द्या, एक ते सहा. कॅमेऱ्यात तिचे फक्त हात दिसू देत.

तुमची,
डॉक्टर ताई